हरवलेले आणि टाकलेले

संगणकावर ‘डिलीट’ केलेली फाइल पुसली जात नाही. हे बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेले असते. पण त्यातून आपल्यावर कोणती जबाबदारी येते याचा विचार सहसा होत नाही. तो इथे करायचा आहे, आणि त्यासाठी आधी थोडे यंत्राकडे पाहावे लागेल.

हार्ड डिस्कवर माहिती दोन जागी असते. एका जागी मजकूर आणि दुसऱ्या जागी त्या मजकुराची नोंद: नाव काय, केव्हा लिहिला, कुठून कुठवर पसरला आहे. जुन्या ग्रंथालयात कपाटात पुस्तक असे आणि लाकडी खणात त्याचे कार्ड, तसेच हे. आपण फाइल काढून टाकतो तेव्हा यंत्र कार्डावर एक खूण करते आणि कपाटातली ती जागा मोकळी धरते. पुस्तक जागचे हलत नाही. पुढे नवे पुस्तक आले आणि नेमके त्याच जागी ठेवले गेले, तरच जुने जाते. ‘फॅट’ नावाच्या जुन्या रचनेत ही खूण म्हणजे नावाचे पहिले अक्षर खोडणे. जागा मोकळी झाल्याची नोंद आणि हे एक अक्षर, एवढ्यात पुसण्याचा सगळा विधी आटोपतो. १९९१ साली आलेल्या एमएस-डॉस ५ मध्ये काढून टाकलेली फाइल परत आणण्याची आज्ञा होती. ती वापरणाऱ्याला विचारत असे की नावाचे पहिले अक्षर कोणते होते? ते सांगितले की फाइल परत उभी राही.

डिस्क बिघडते तेव्हा याच्या उलट घडते. आपण काहीच काढून टाकलेले नसते, पण कार्डांचा खण कोसळलेला असतो. मजकूर कपाटात शाबूत आणि कुठे काय आहे ते सांगणारे कुणी नाही. मग डेटा रिकव्हरीचे साधन कार्डांचा नाद सोडून थेट कपाटातच शिरते. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. जेपेग चित्र ठरावीक बाइटांनी सुरू होते, पीडीएफच्या तोंडाशी तिच्या जातीचे नावच लिहिलेले असते. साधन डिस्कच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत या खुणा हुंगत जाते आणि जिथे सापडेल तिथून तुकडा उचलते. असे परत आलेल्या तुकड्यांना नाव नसते, नुसता आकडा असतो. आपल्याकडे नाम आणि रूप यांचा जोड शब्द करून ठेवला आहे. इथे तो जोड सुटतो: डिलीट केल्यावर नाम जाते आणि रूप राहते, परत काढल्यावर रूप येते, पण नामाविना.

आणि याच ठिकाणी एक गोष्ट घडते जिच्याविषयी हा लेख आहे. कपाटात शिरलेल्या साधनाला दोन प्रकारची पुस्तके सारखीच दिसतात. ज्यांचे कार्ड अपघाताने गेले ती, आणि ज्यांचे कार्ड मालकाने स्वतःच्या हाताने खोडले ती. एक हरवलेले, दुसरे टाकलेले. साधन दोन्ही घेऊन बाहेर येते आणि आपल्यापुढे एकाच ढिगात ठेवते.

न्याय-वैशेषिकांनी ‘नसणे’ चार प्रकारचे मानले आहे. घडा घडण्यापूर्वीचे नसणे तो प्रागभाव. फुटल्यानंतरचे नसणे तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. जे कधीच नसते त्याचा अत्यंताभाव, आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे हा अन्योन्याभाव. डिलीटचे बटण आपल्याला प्रध्वंसाभावाचे वचन देते. घडा फुटला, आता फुटलेलाच राहील. प्रत्यक्षात घडा माळ्यावर ठेवलेला असतो आणि घरात त्याच्याविषयी बोलायचे नाही असे ठरलेले असते. या पाचव्या प्रकारच्या नसण्याला जुन्या नैयायिकांकडे नाव नाही, कारण त्यांच्या काळी फोडलेला घडा खरोखर फुटत असे.

गेल्या वर्षी माझ्या मामांची हार्ड डिस्क माझ्याकडे आली, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. मी संगणकाच्या धंद्यातला नाही. हैदराबादेत भाषांतराचे काम करतो. पण बंद पडलेल्या डिस्का, अडकलेले पेनड्राइव्ह यांच्याशी झटापट करण्याचा नाद मला आहे आणि नात्यागोत्यात तो सगळ्यांना माहीत आहे. मामा बडोद्याला असत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, अशा तिथल्या जुन्या मराठी घरांपैकी ते एक घर. शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम मनावर घेतले होते. आजी, म्हणजे त्यांची आई, वाईकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन बडोद्याला आली. येताना तिने जात्यावरच्या ओव्या आणल्या. बडोद्यात पुढे जाते गेले, ओव्या राहिल्या. मामांनी छोटा रेकॉर्डर घेऊन तिच्या उतारवयात त्या ध्वनिमुद्रित केल्या, संगणकावर साफ केल्या आणि पाचशे जीबीच्या एका बाह्य हार्ड डिस्कवर ठेवल्या. आजी गेली. दोन वर्षांपूर्वी मामाही गेले. त्यानंतर कधीतरी मामेबहिणीने ती डिस्क जोडली, तर पडद्यावर सूचना आली की वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करा. तिने ‘नाही’ म्हटले, डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळून मला पाठवली. यापेक्षा शहाणपणाची गोष्ट अशा वेळी दुसरी नसते.

मामींनी फोनवर एवढेच सांगितले, “आईंच्या ओव्या तेवढ्या मिळाल्या तर बघ रे. बाकी काही गेलं तरी चालेल.”

या कामातला पहिला नियम असा की आजारी डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही. आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि पुढचे सगळे त्या प्रतीवर करायचे. प्रत करणारे साधन आधी निरोगी भाग वाचून घेते आणि दुखऱ्या भागाकडे मागाहून परत येते, म्हणजे मरणाऱ्या यंत्राची उरलेली ताकद वाया जात नाही. प्रत झाली. मग मी नोंदींची यादी उघडली. माझ्याजवळच्या साधनात हयात फाइलींची नावे पांढऱ्या अक्षरांत दिसतात आणि काढून टाकलेल्यांची लाल अक्षरांत. पांढऱ्या अक्षरांत ‘आई ओव्या साफ’ असा फोल्डर होता. त्यातल्या फाइलींची नावे धड होती. पण डिस्कचा नेमका तोच भाग नासला होता. एकही फाइल वाजली नाही. खाली लाल अक्षरांत एक रांग होती: ‘दादास पत्र’, ‘दादास पत्र २’, ‘दादास पत्र ३’, असे करत सात.

दादा म्हणजे माझे थोरले मामा. ते साताऱ्याला असतात. दोघा भावांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. गावाकडच्या घराच्या वाटणीवरून काहीतरी झाले एवढे आम्हाला ठाऊक. नेमके काय, हे दोघांनीही कधी सांगितले नाही.

ती पत्रे उघडायला मला दोन कळा दाबाव्या लागल्या असत्या. माझ्या हातून ते झाले नाही यात माझा काही मोठेपणा नाही. मला मागितल्या होत्या ओव्या. पण ओव्या हव्या तर नोंदी सोडून कपाटात शिरणे भाग होते, आणि कपाटात शिरले की तिथे पत्रेही असणार. इथे साधनातली एक क्षुल्लक वाटणारी सोय कामी आली. शोध सुरू करण्याआधी ते कोणकोणत्या प्रकारच्या फाइली उचलायच्या याची लांबलचक यादी पुढे ठेवते आणि प्रत्येक प्रकारासमोर खुणेचा चौकोन असतो. आरंभी जवळजवळ सगळ्या चौकोनांत फुली असते. म्हणजे यंत्राचा स्वभाव असा, की तुम्ही थांबवले नाही तर ते सगळेच उपसणार. मी सगळ्या फुल्या काढल्या आणि फक्त आवाजाच्या फाइलींसमोर ठेवल्या. आजवर नीतीविषयी जे वाचले त्यात हा चौकोन कुठे भेटला नव्हता. पण डेटा रिकव्हरीत नीती असलीच तर ती तिथे आहे, शोध सुरू होण्यापूर्वीच्या त्या एका पडद्यावर. एकदा ढीग पुढे पडला की काय पाहायचे आणि काय नाही हे ठरवण्यात अर्थ नसतो. तोवर पाहून झालेले असते.

साठेक तुकडे निघाले. नावे नाहीत, आकडे. कोणता तुकडा कशाचा हे कळायला प्रत्येकाचे पहिले काही क्षण ऐकण्यावाचून मार्ग नव्हता. बहुतेक आजीच्या होत्या. मामांनी साफ करण्याआधीच्या, कच्च्या. आजी गाते आहे, ताल धरायला पलंगाच्या कडेवर हात आपटते आहे. मध्येच खोकला येतो, पाणी मागते. खालून गुजरातीत ओरडत भाजीवाला जातो. एकदा ती कंटाळून विचारते, “झालं का रे तुझं यंत्र?” आणि मामा हसतात. हे सगळे मामांनी कापून काढले होते आणि साफ प्रत तयार झाल्यावर ही कच्ची ध्वनिमुद्रणे डिलीट केली होती. साफ प्रती गेल्या, टाकलेल्या राहिल्या.

एक तुकडा वेगळा निघाला. मामांचा आवाज, थकलेला. “दादा, मी बोलतोय.” मग एक श्वास. मी तिथे थांबवले. पुढे तो रागावून बोलतो, समजूत काढतो, हिशेब मांडतो की रडतो, हे मला माहीत नाही.

आता प्रश्न नीट मांडता येईल. टाकलेले परत काढू नये असा नियम धरला, तर आजीच्या कच्च्या ओव्याही मामांनी टाकलेल्याच होत्या. त्या मी आनंदाने घेतल्या आणि घेताना मनाला कुठे टोचले नाही. ‘दादा, मी बोलतोय’ यापाशी मात्र हात थांबला. दोन्ही फाइली एकाच माणसाने, एकाच डिस्कवर, एकाच बटणाने काढून टाकलेल्या. मग फरक कशात?

मला असे वाटते की टाकणे ही एकच क्रिया नाही. मामांनी कच्च्या ओव्या टाकल्या, कारण त्यांच्याजवळ चांगली प्रत होती. त्या टाकण्यामागे एक गृहीत होते, साफ प्रत राहणार हे. ते गृहीत मोडले तेव्हा त्या टाकण्याचा आधारही गेला. आज मामा असते आणि त्यांना विचारले असते, तर कच्च्या ओव्यांवर त्यांनी झडप घातली असती. जागा करण्यासाठी टाकलेले, दुसरी प्रत आहे म्हणून टाकलेले, चुकून टाकलेले, हे सगळे खरे तर हरवलेल्याच्याच जातीचे. फक्त त्याच्यावर टाकल्याची खूण आहे. याउलट पत्रे टाकली ती दुसरी प्रत होती म्हणून नव्हे. ती असू नयेत म्हणून टाकली. ओव्यांच्या वेळी वस्तूची गरज उरली नव्हती. पत्रांच्या वेळी वस्तूचे असणेच नको होते. शिवाय ओव्या मामांच्या नव्हत्याच. त्या आजीच्या, आणि तिच्याही आधी तिच्या आईच्या, गावच्या. मामा त्यांचे राखणदार. राखणदाराला वस्तू टाकण्याचा अधिकार अपुरा असतो. स्वतःचे न पाठवलेले पत्र टाकण्याचा अधिकार मात्र माणसाला पुरेपूर असतो.

हा फरक मराठी वाचकाला नवा नाही. तो देहूच्या इंद्रायणीने आपल्याला शिकवलेला आहे, फक्त आपण तिच्या दोन गोष्टी एकत्र सांगत नाही. पहिली गोष्ट अशी की १६३० च्या सुमारच्या दुष्काळानंतर संसारातून मन उठलेल्या तुकोबांनी घरातली सावकारीची खते बाहेर काढली. धाकट्या भावाचा, कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. दुसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे अभंगांच्या वह्या त्याच इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा काठावर अन्नपाण्यावाचून बसले आणि तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. कुणी याला चमत्कार म्हणतो. कुणी म्हणतो, वह्या लोकांच्या मुखातून परत आल्या. अभंग आधीच गावोगाव पाठ झाले होते. कोणताही अर्थ घ्या, एक गोष्ट तशीच राहते. त्याच माणसाचे कागद त्याच नदीत दोनदा बुडाले. जे त्याच्याकडून हिरावून बुडवले गेले ते परत आले. जे त्याने स्वतः सोडले ते कधी आले नाही, आणि चार शतकांत एकाही भाविकाला किंवा अभ्यासकाला असे वाटले नाही की ती खतेही वर यायला हवी होती. ऋणकोंची नावे, रकमा, व्याज असा केवढा ऐतिहासिक ऐवज त्यात असता! तरी ती परत आली असती तर तो चमत्कार वाटला नसता, घात वाटला असता. नदीला जो फरक कळला तो आपल्या साधनाला कळत नाही. म्हणून तो साधन चालवणाऱ्याला कळावा लागतो.

यावर कुणी काफ्काचे उदाहरण देईल, आणि द्यायलाच हवे. १९२४ मध्ये काफ्का गेला. आपले अप्रकाशित लेखन जाळावे असे त्याने मित्राला, माक्स ब्रोडला लिहून ठेवले होते. ब्रोडने जाळले नाही. ‘द ट्रायल’ १९२५ मध्ये आणि ‘द कॅसल’ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मृताची इच्छा मोडली म्हणून विसाव्या शतकाला त्याचा एक मोठा लेखक मिळाला. मग मामांच्या पत्रांत तरी काय हरकत? पण या गोष्टीत एक बारकावा आहे. ब्रोडच्या सांगण्यानुसार, आपण हे काम करणार नाही असे त्याने काफ्काला तो हयात असतानाच बजावले होते. तरीही काफ्काने दुसरा माणूस नेमला नाही. आणि काफ्काने काही लेखन खरोखर जाळले किंवा डोरा डिमांटकडून आपल्या डोळ्यांदेखत जाळून घेतले. ‘दुसऱ्याने जाळावे’ असे लिहून ठेवणे आणि आपल्या समोर जाळणे यांत अंतर आहे. पहिल्यात थोडी दारे उघडी असतात, दुसऱ्यात नसतात. डिलीट करणे हे दुसऱ्या प्रकारातले कृत्य आहे. मामांनी कुणाला सांगून ठेवले नव्हते. त्यांनी स्वतः काडी लावली होती. फरक इतकाच, की काफ्काच्या शेगडीत राख झाली आणि मामांच्या डिस्कवर काहीच जळले नाही, तरी यंत्राने त्यांना ‘रिकामे केले’ असे सांगितले.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. यंत्र खोटे बोलले होते. मामांनी त्या शब्दावर भरवसा ठेवून ती पत्रे आपल्या मागे सोडली. कागदावर लिहिली असती तर त्यांनी ती फाडून शेगडीत घातली असती, आणि मग ती मिळवण्याचा प्रश्नच कुणापुढे उभा राहिला नसता. आता ती मला मिळू शकतात, ती केवळ मामांना फसवले गेले म्हणून. अशा फसवणुकीतून आलेल्या मालावर हात टाकायचा, तर आपण यंत्राच्या खोट्यात भागीदार होतो.

इतिहासकारांचा आक्षेप याहून वेगळा आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दफ्तरे गोळा करत राहिले, म्हणून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी राहिली. पहिला खंड १८९८ चा. दफ्तरे वाळवीने खावीत, रद्दीत जावीत अशी वारसांची वागणूक होती, आणि राजवाड्यांनी ती वाचवली याबद्दल आपण कृतज्ञ असतो. पण तिथे टाकणारा कोण होता? लिहिणारा नव्हता. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांनी ती जपून दफ्तरात बांधली होती. टाकली ती पुढच्या पिढीच्या बेफिकिरीने. राजवाड्यांनी लिहिणाऱ्याची बाजू घेऊन वारसांशी भांडण केले. मी मामांची पत्रे उघडली असती तर वारसाची बाजू घेऊन लिहिणाऱ्याशी भांडण केले असते. दिशा उलटी आहे. गुन्ह्याचा पुरावा, कुणाच्या फसवणुकीचा कागद, सत्तेत असलेल्याने नष्ट केलेली नोंद, यांची गोष्ट निराळी. तिथे टाकणाऱ्याचा टाकण्याचा अधिकारच मुळात नसतो, कारण त्या कागदावर दुसऱ्यांचा हक्क असतो. भावाभावांतले न पाठवलेले पत्र त्यात बसत नाही.

कायदा इथे मदतीला येत नाही, आणि ते बरेच आहे. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क त्याने माणसाला दिला. पण एखादी व्यक्ती स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती हाताळत असेल, तर तो कायदा लागू नाही असे त्यातच म्हटले आहे. कंपनीने काय करावे ते संसद सांगते; मामांच्या डिस्कपुढे बसलेल्या भाच्याने काय करावे हे ती सांगत नाही. घराचा उंबरा ओलांडला की कायदा थांबतो आणि माणसे आपापसांत ठरवतात.

आमच्याकडे ते असे ठरले. मी मामींना आणि मामेबहिणीला एकत्र फोन केला. ओव्या मिळाल्याचे सांगितले. लाल अक्षरांतली सात नावे आणि एक आवाज यांविषयीही सांगितले. लपवून मी एकट्याने पुसले असते तर तो निर्णय माझा झाला असता, आणि तो माझा नव्हता. मामेबहीण म्हणाली, “बाबांनी पुसलं, खरं. पण बाबा गेले, मोठे काका अजून आहेत. ऐंशी ओलांडलीये त्यांनी. कदाचित त्यात माफी असेल. बाबांना धीर झाला नाही पाठवायचा, एवढंच असेल. एका माणसाचं उरलेलं आयुष्य हलकं होत असेल तर गेलेल्या माणसाचं काय बिघडतं?”

हा आक्षेप काफ्काच्या आणि राजवाड्यांच्या आक्षेपापेक्षा मला जड वाटतो, कारण तो जिवंत माणसाच्या बाजूने आहे. मृताचे काही बिघडत नाही, हे खरे असू शकते. पण त्याच न्यायाने मृताला दिलेले कोणतेच वचन पाळण्याची गरज उरत नाही. आणि मग जिवंतपणी तरी आपण निश्चिंतपणे काही टाकू शकू का? माझ्या मागे कुणीतरी ‘कदाचित माफी असेल’ म्हणून माझी केराची टोपली उपसणार, हे ठाऊक असलेला माणूस पत्राचा कच्चा मसुदा लिहायलाही कचरेल. मनात असलेले सगळे वाईटसाईट आधी कागदावर ओतून, ते वाचून, शरमून, फाडून टाकण्याची जी एक जुनी रीत आहे, जिच्यामुळे कित्येक भांडणे बाहेर आलीच नाहीत, ती रीत टाकण्याच्या खात्रीवर उभी आहे.

मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सात वेळा लिहून सात वेळा पुसलं, म्हणजे ह्यांनी सात वेळा ठरवलं. आठव्यांदा ठरवणारे आपण कोण?” आणि थोड्या वेळाने, “दादांना आईंच्या ओव्या पाठव. खोकल्यासकट पाठव.”

तसे केले. आवाजाच्या त्या फाइलीवर आणि प्रतीतल्या मोकळ्या म्हणवणाऱ्या सगळ्या जागेवर मी शून्ये लिहिली. मामांना यंत्राने दिलेले वचन अखेर पाळले गेले. मूळ डिस्क उघडून चकत्या काढल्या. त्या काचेच्या निघाल्या, एका घावात भुगा झाला. ओव्या साताऱ्याला गेल्या. थोरल्या मामांनी त्या ऐकल्या एवढे कळले. त्यावर ते काय म्हणाले ते आमच्यापर्यंत आले नाही. मामेबहिणीला अजूनही वाटते की आपण एक दार बंद केले. मला तिचे म्हणणे खोडता आलेले नाही. मामींचे म्हणणे मला अधिक खरे वाटते, इतकेच मी सांगू शकतो.

हा प्रश्न कदाचित एका पिढीपुरताच असेल. नव्या संगणकांत फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्का आल्या आहेत. त्यांत फाइल काढून टाकली की यंत्रणा डिस्कला तसे कळवते, आणि डिस्क सवडीने ती जागा खरोखरच कोरी करते. तिथे टाकलेले सहसा परत येत नाही. चुकून टाकलेलेही येत नाही. म्हणजे टाकण्याचा जुना मान परत मिळाला आणि त्याची किंमत म्हणून दुसरी संधी गेली. पण मधल्या वीस-पंचवीस वर्षांच्या चुंबकी डिस्का आपल्या कपाटांत, माळ्यांवर, साड्यांच्या घड्यांखाली पडून आहेत. गेलेल्या माणसांनी जपलेले आणि त्यांनी नको म्हटलेले, दोन्ही त्यांत शेजारी शेजारी झोपलेले आहे. त्यातली एखादी डिस्क कधीतरी तुमच्या हाती येईल, आणि ‘काय काय निघतं बघू’ असे कुणीतरी म्हणेल. त्या वेळी आधी मागणाऱ्याला विचारावे की तुमचे नेमके काय हरवले आहे. ज्याला हरवलेल्या वस्तूचे नाव सांगता येते त्याच्यासाठी रात्रंदिवस शोधावे. ज्याला नाव सांगता येत नाही, नुसते पाहायचे आहे, त्याचे काही हरवलेले नाही.